जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय (डेन्व्हर). हिच (ट्रेलर ट्रकला जोडणारा भाग) कोणता लावावा?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, मुलं दहा आणि सात वर्षांची. आजवर तंबू घेऊनच फिरलो. पण जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येताहेत आणि गुडघ्यांमुळे बाबांना जमिनीवरून उठवत नाही. त्यांना मोॲब आणि ग्रेट सँड ड्यून्स दाखवायचंच आहे, म्हणून जुना ट्रेलर शोधतेय. एक आवडलाय: २०१६ चा, २४ फुटी, रिकामं वजन ४,९०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावरचं कमाल वजन) ६,८००. मालक ११,५०० डॉलर म्हणतो. आमचा ट्रक सहा सीटचा एफ-१५०. ओढायची क्षमता दहा हजारांच्या वर आहे, त्यामुळे ती काळजी नाही. मालक स्वतःचा बॉल-माउंट (ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा आणि त्याची दांडी) फुकट देतोय. तेवढ्यावर भागेल का?

मेसा_व्हर्दे:
ताई, काळजी तिथेच आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. ट्रेलरचं नाक हिचवर जो भार टाकतं, तोही त्याच आकड्यातून वजा होतो. ओढायची क्षमता शिल्लक असताना पेलोड (तोच स्टिकरवरचा आकडा) संपतो, आणि हे विकणारा कधी सांगत नाही.

रिकाम्या वजनावर हिशोब करू नका. गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं, किराणा, शिवाय पाणी, गॅलनला ८.३ पौंड. तुमचा ट्रेलर भरल्यावर ६,२०० धरा. नाकावर १० ते १५ टक्के भार हवा. १३ टक्के धरले तर ८०० च्या आसपास.

आता बॉल-माउंट. ट्रकच्या रिसीव्हरवरही (मागची चौकोनी खाच, जिच्यात हिच बसतो) एक लेबल असतं. बऱ्याच एफ-१५० वर नुसत्या बॉलसाठी मर्यादा ५,००० पौंड आणि नाकाला ५०० अशी असते. म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिचच लागेल. ट्रकची मागची बाजू दबली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग धरून ठेवत नाही. या हिचच्या दोन दांड्या तो भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. ८०० च्या नाकाला १,००० पौंड भार पेलणाऱ्या दांड्या घ्या, आणि झुलणं रोखणारी सोय त्यातच असलेला हिच बघा. बॉलचं माप कपलरवर (ट्रेलरच्या नाकाचा बॉलवर बसणारा भाग) कोरलेलं असतं, ते वाचूनच बॉल घ्या. कपलर २ ५/१६ चा आणि बॉल २ इंची असेल तर खड्ड्यात कपलर निसटतो.

नाक हलकं करायला सामान मागे नेऊ नका. पहिल्या वर्षी मी सायकली आणि पाण्याचे कॅन मागच्या टोकाला लादले होते. वायोमिंगमध्ये आय-८० वर, लॅरमीच्या अलीकडे, बाजूचा वारा लागला आणि ट्रेलर झुलायला लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. ॲक्सिलरेटर सोडला, ट्रकचा ब्रेक न दाबता ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रकमध्ये बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं यंत्र) खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, तेव्हा सावरला. मुलगी मागे रडत होती. ते रडणं अजून कानात आहे. चांगल्या ब्रेक कंट्रोलरशिवाय आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरू नका, सहा-सात टक्क्यांचा उतार आहे.

पुणे_३०:
हिच नंतरही मिळेल, आधी ट्रेलरला पाणी लागलंय का ते बघा. गाद्या उचला, कपाटांच्या आतले कोपरे अंगठ्याने दाबा, खिडक्यांखाली पाय दाबून चाला. बाहेरच्या भिंतीकडे कडेने, उन्हाच्या दिशेने पाहिलं की फुगवटे दिसतात. फुगलेली भिंत म्हणजे आतलं लाकूड सुटलेलं, तो ट्रेलर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. टायरवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. ०९१६ म्हणजे २०१६ चा नववा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी इतके जुने टायर बदलायचेच.

कृष्णाकाठ:
स्टिकरवर १,५४० निघाले. आम्ही सहा जण मिळून ८१०, नाक ८००, हिच साधारण ९५. म्हणजे १,७०५. आई-बाबांना घेऊन आम्ही १६५ पौंड मर्यादेबाहेर गेलो असतो.

मेसा_व्हर्दे:
मग लहान ट्रेलर बघा. भरून ४,५०० पर्यंत असेल तर नाकावर ५८५ येतील आणि सगळं मिळून १,४९०. उरलेल्या ५० पौंडांत ट्रकमध्ये फारसं काही ठेवता येणार नाही, खुर्च्या-शेगडी सगळं ट्रेलरमध्ये, चाकांच्या आसपास. निघण्याआधी ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा वजन करा.

कृष्णाकाठ:
काल परत जाऊन मोठ्या बेडची गादी उचलली. डाव्या कोपऱ्यात प्लाय अंगठ्याने दबलं. मालकाला नाही म्हणून सांगितलं. शनिवारी पुएब्लोला एक १९ फुटी बघायला जातोय, रिकामं वजन ३,६००. बाबांना फोनवर फोटो दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं की बेड जमिनीपासून किती उंच आहे. टेप घेऊन जातेय.