मदत हवी आहे: शुगर बॉर्डरवर आहे, चालण्याने रक्ताच्या गाठीचा धोका पण कमी होतो का?

नमस्कार मंडळी, बेळगावातून लिहितोय. वय ४६, उद्यमबागेत एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो, म्हणजे सकाळी खुर्चीत बसलो की जेवायलाच उठणार. चेकअपमध्ये एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आली, उपाशीपोटी शुगर ११२, पोटाचा घेर ९८ सेंटीमीटर. डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, गोळी आत्ता नको, वजन उतरवा, चाला, तीन महिन्यांनी परत बघू. इथपर्यंत समजलं. पण निपाणीच्या मामांच्या पायाच्या शिरेत मागच्या वर्षी गाठ झाली, त्यांची पण शुगर बॉर्डरवरच होती, आणि तेव्हापासून घरात सगळ्यांनी डोकं खाल्लंय की बघ हं, तुझंही तसंच होणार. मेव्हणा तर रोज एक एकोस्प्रिन (अॅस्पिरिनची गोळी) घे, रक्त पातळ राहतंय म्हणून मागंच लागलाय. घेऊ का? नेटवर वाचायला गेलो तर पीएआय-वन, फायब्रिनोजेन, सगळं डोक्यावरून गेलं. आणि आम्ही मूळ खानापूरकडचे, दोन्ही वेळ भात लागतो, तेव्हा भात सोडा म्हणणाऱ्यांनी पर्याय पण सांगा.

प्रतिसाद १
लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. एकोस्प्रिन स्वतःच्या मनानं अजिबात सुरू करू नका ओ, नुसत्या प्रीडायबेटिससाठी ती देत नाहीत, वर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. आता पीएआय-वनचं. शरीर बारीक गुठळ्या आपोआप विरघळवत असतं, ते काम हे प्रोटीन अडवतं. पोटावर चरबी असली, इन्सुलिन नीट लागू पडेना झालं की ते जास्त बनतं. म्हणून धोका थोडा वाढतो, पण गाठ होणारच असं काही नाही. वजन उतरलं की पीएआय-वन पण उतरतं. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम झाला, २००२ ला निकाल आला, त्यात टार्गेट होतं वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तेवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी, आणि चालणाऱ्या गटात फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन, पण थोडं उतरलं. म्हणजे एकाच कष्टात दोन्ही. मामांना मात्र विचारा, आधी ऑपरेशन झालं होतं का, बरेच दिवस पडून होते का, विडी-सिगरेट किती? गाठीला ही कारणं जास्त मोठी.

प्रतिसाद २
भात सोडू नका हो भाऊ, निम्मा करा. आमच्या ह्यांना मी आधी पालेभाजी आणि मसुराची आमटी वाढते, मग एक भाकरी, भात शेवटी वाटीभर. भाकरी चालते म्हणून चार खायच्या नाहीत, इथं सगळे फसतात. कुंदा सणालाच. ऑफिसात अर्ध्या तासाला उठून पाणी आणायला जा, बसल्या बसल्या टाचा वरखाली करा. आणि एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर त्याच दिवशी दाखवायचं, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

धागाकर्ता
मामांना फोन केला. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यानंतर पडूनच होते म्हणे, हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं! मेव्हण्याला प्रतिसाद १ पाठवलाय. आता एवढं सांगा, व्हॅक्सिन डेपोकडं संध्याकाळी सातनंतर चालणारं कुणी आहे का? एकट्यानं होत नाही ओ.