हर्रास, लिलाव, पिंप, टपालहशील : कंपनी सरकारच्या काळातल्या जाहिरातींचे शब्द

(सोलापूरकरांच्या गप्पा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव दिलंय.)

होटगी रोड : कंपनी सरकारच्या काळातल्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचायला घेतल्यात, त्यांवर मराठीत लिहायचंय. कलकत्त्याचं हिकीचं पत्र (१७८०) असो की मुंबईचं 'बॉम्बे कुरियर', बातम्यांपेक्षा जाहिरातींतच जास्त मजा आहे. हिकीनं तर पत्राच्या नावातच 'अ‍ॅडव्हर्टायझर' घातलं होतं. दारू, टोप्या, हॅम, घोडे, पालख्या, भाड्याचे बंगले, लॉटरीची तिकिटं, आणि पानागणिक कसला ना कसला लिलाव. मराठीत लिहायला बसलं की शब्द अडतात. 'लिलाव' आणि 'हर्रास' एकच का? 'पाइप ऑफ मदिरा' हा काय प्रकार? 'विलायती' म्हणजे फक्त इंग्लंडचा माल का? आणि नंतरच्या मराठी पत्रांत पुस्तकाच्या किमतीपुढं 'टपालहशील' येतं, ते काय? कोश एका ओळीत उरकतो, म्हणून इथं विचारतोय.

बाळीवेस : हर्रास कळायला कोश कशाला पाहिजे? उन्हाळ्यात कुठल्याही ग्रामपंचायतीच्या फळ्यापुढं उभं राहा. 'चिंचेच्या झाडांची जाहीर हर्रास.' सकाळी पारावर माणसं जमतात, आधी अनामत भरून घेतात, ग्रामसेवक सरकारी बोली सांगतो, मग कोणीतरी शंभर चढवतो, दुसरा पन्नास. 'एक वार, दोन वार...' आणि मध्येच कोणीतरी चहाचा कप खाली ठेवून पुन्हा चढवतो. तिकडं मार्केट यार्डात कांद्याचे ढीग लागतात, तिथं मात्र लिलावच. माझ्या कानाला फरक असा लागतो : माल समोर ठेवून विकला तर लिलाव, आणि हक्क विकला, म्हणजे यंदाची चिंच, तळ्यातली मासळी, बाजाराची वसुली, तर हर्रास. नियम नाही हा, सवय आहे.

मुळं वेगवेगळी आहेत. लिलाव पोर्तुगीज 'लेलाँव'वरून आला, हिंदीत त्याचंच नीलाम झालं. हर्रास हा अरबी-फारसी 'हराज'. म्हणजे एक गलबतातून उतरला आणि दुसरा दख्खनच्या दरबारातून खुष्कीच्या वाटेनं आला. कन्नडमध्ये आजही हराजूच म्हणतात, आमच्या घरात लिलाव शब्द फक्त पेपरात दिसतो.

साखर पेठ : आमच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतपण हर्राजूच. आमची मंडळी तेलंगणातून इथं हातमागावर कामाला आली, शब्द तिकडूनच आणला. किनाऱ्याकडचे तेलुगू लोक 'वेलम' म्हणतात, तमिळमध्ये 'एलम', मल्याळममध्ये 'लेलम'. ते सगळे लिलावाचे भाऊ. किनारा आणि आतला मुलूख हा तुमचा हिशेब बरोबर बसतोय.

होटगी रोड : बसतोय कुठं? गुजरातला एवढा मोठा किनारा, आणि गुजरातीत रोजचा शब्द 'हराजी'! चाटी गल्लीतल्या कुठल्याही गुजराती कापडवाल्याला विचारा.

बाळीवेस : हे मात्र खरंय. पण सुरत कुणाचं बंदर होतं? मोगलांचं. कागदपत्र फारसी, जकात मोगली, व्यापार अरबांशी. किनारा असून चालत नाही, किनाऱ्यावर कचेरी कुणाची ते बघावं लागतं. गंमत म्हणजे लेलाँवचं मूळही अरबीच सांगतात, 'अल-इलाम', म्हणजे जाहीर करणं. तेव्हा दोघांचं गोत्र शेवटी एकच निघतं.

आता तुमचा 'पाइप'. त्यात मदिरा म्हणजे संस्कृतातली मदिरा नव्हे. मदेरा नावाचं पोर्तुगिजांचं बेट आहे अटलांटिकमध्ये, पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ लाकूड. तिथल्या दारूला बेटाचंच नाव पडलं. गलबतातल्या उकाड्यानं आणि हेलकाव्यांनी ही दारू बिघडायच्या ऐवजी सुधारते म्हणून साहेबलोकांत तिला फार मागणी. ती यायची ती मोठ्या लाकडी पिपातून. ते माप म्हणजे 'पाइप', एकात चारशे लिटरच्या वर माल. पोर्तुगीज 'पिपा', आपलं पिंप. नळाचा पाइप डोक्यातून काढून टाका. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात पिंप समजावून सांगायची गरज नाही, घरटी दोन तरी निळी पिंपं आहेतच, मग कोणी त्यांना बॅरल म्हणो. तुम्ही बिनधास्त 'मदेरा दारूचं पिंप' लिहा.

साखर पेठ : विलायतीचं मी सांगतो. विलायत म्हणजे मुळात नुसता प्रांत, मुलूख. मग परका मुलूख, आणि इंग्रज आल्यावर इंग्लंड. त्या इंग्रजी जाहिरातींत 'युरोप' हा शब्द विशेषणासारखा येतो बघा, 'युरोप शॉप', 'युरोप गुड्स'. त्याच्या उलट 'कंट्री'. तेच आपलं विलायती आणि देशी. मग क्लॅरेट ही लाल दारू फ्रान्सची असली तरी विलायतीच. इंग्लंडच पाहिजे असं नाही, याचा पुरावा शाळेबाहेरच्या गाड्यावर मिळतो : विलायती चिंच. ते झाड मेक्सिकोकडचं! तेलुगूत तिला 'सीम चिंत' म्हणतात.

बाळीवेस : कन्नडमध्ये 'सीमे हुणसे'. आणि सीमा हा शब्दपण तसाच सरकत गेलाय : आधी हद्द, मग हद्दीतला मुलूख, मग समुद्रापलीकडचा मुलूख. रॉकेल आलं तेव्हा कन्नडमध्ये ते 'सीमे एण्णे' झालं, म्हणजे विलायती तेल. मराठीनं गॅसलाइटचं घासलेट करून टाकलं. ते पुष्कळ नंतरचं, तुमच्या विषयात बसत नाही, पण राहवलं नाही.

टपालहशील सोपं आहे. हशील म्हणजे कर, आकार. टपालहशील म्हणजे टपालखर्च. १८५४ च्या आधी अंतर बघून आकार घ्यायचे, तेव्हा जाहिरातीत एकच आकडा छापणं अवघड. त्या वर्षी देशभर एक दर झाला, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. मग 'किंमत अमुक, टपालहशील तमुक' असं छापता यायला लागलं. १८६० ला सोलापूरपर्यंत आगगाडी आली आणि १८७७ ला व्ही. पी. (व्हॅल्यू पेएबल) टपाल सुरू झालं, पुस्तक दारात आल्यावर पैसे मोजायची सोय झाली. शब्द मेला असं समजू नका, 'त्यानं काय हाशील?' म्हणतो ते हेच, फक्त तिथं त्याचा अर्थ मिळकत.

होटगी रोड : मग मी लिहू काय? साहेब वारला किंवा मायदेशी निघाला की त्याचं सामान विकायच्या जाहिराती आहेत. खुर्च्या, घोडा, उरलेली दारू, कपडेसुद्धा.

बाळीवेस : तिथं लिलाव. सामान समोर आहे, हातोडा पडतो, वस्तू उचलायची. दारूच्या दुकानाचा मक्ता, नाक्याची वसुली असं काही सापडलं तर हर्रास लिहा. पुण्यातला संपादक खोडेल कदाचित, 'हा शब्द कुणाला कळणार' म्हणेल. त्याला चिंचेच्या हर्राशीच्या नोटिशीचा फोटो पाठवा, मोहोळला किंवा अक्कलकोटला सहज मिळेल.

साखर पेठ : आणि 'हर्राज' की 'हर्रास' हे एकदा ठरवून घ्या. जुन्या कागदांत दोन्ही दिसतं. नोटिशीत आता 'स' रुळलाय, मी तोच ठेवला असता.