वजनाचा बाऊ नको, पार्किंगचं बघा

'हार्ले-डेव्हिडसनची रोड ग्लाइड ही भारी टूरिंग बाईक नाशकात झेपेल का' यावर सगळे तिच्या ३८० किलो वजनापाशीच अडकलेत. अहो, गाडी चालू लागली की वजन कुठल्या कुठे जातं. फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, हँडलला नसून चासीला (सांगाड्याला) बसवलेलं, त्यामुळे इगतपुरीच्या भन्नाट वाऱ्यातही हँडल गप्प. खरी गोची थांबल्यावर. रिव्हर्स गिअर नाही. गोदाघाटाच्या उताराला तोंड खाली करून लावलीत, की मागे ओढायला माणसं शोधा! मागचं चाक उताराकडे, तोंड वर, गिअरमध्ये टाकूनच उतरायचं. यू-टर्नला पुढच्या ब्रेकला हातही लावू नका. अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक. रविवार कारंजाला सिग्नल लागला तर इंजिनाचं मागचं सिलिंडर मांडी शेकतं, जीन्स जाड घाला. (मे महिन्यात तेही नकोसं होतं म्हणा.)