डीएनएस बदलल्याने ‘वेग’ वाढतो असे म्हणावे का?

पाचपाखाडीकर:
आमच्या गृहसंस्थेच्या सूचनाफलकासाठी घरच्या राउटरमधील डीएनएस कसा बदलावा, याचे टिपण लिहीत आहे. ‘१.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा पत्ता भरल्यास इंटरनेटचा वेग वाढतो’ या वाक्याला एका शेजाऱ्यांनी हरकत घेतली. वेग वाढत नाही, फक्त वाट पाहणे कमी होते, असे ते म्हणतात. मग येथे कोणता शब्द योजावा?

नेरूळकर:
हरकत रास्त आहे. डीएनएसचे काम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणे एवढेच; पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली ही व्यवस्था आखली. १०० एमबीपीएसची जोडणी तेवढीच राहते आणि मोठी फाइल उतरवायलाही पूर्वीइतकाच वेळ लागतो. मात्र एकाच पानावरील चित्रे, जाहिराती, व्हिडिओ निरनिराळ्या ठिकाणांहून येत असल्यामुळे पत्त्यांची विचारणा अनेकदा होते, आणि प्रत्येक विचारणेतले काही मिलिसेकंद वाचले, तर पान लवकर उघडल्याचे जाणवते. म्हणून ‘विलंब कमी होतो’ असे लिहावे.

कोपरीकर:
‘विलंब’ म्हटले की कोणाची तरी दिरंगाई सूचित होते. त्याच ‘लम्ब्’ धातूशी नाते सांगणारे ‘लांबणे’ अधिक निर्मळ आहे. ‘पाऊस लांबला’ म्हणताना आपण कोणाला दोष देत नाही.

घणसोलीकर:
पाऊस लांबला म्हणजे उशिरा आला, हा एक अर्थ झाला. माझी आजी मात्र दसरा उलटूनही सरी थांबल्या नाहीत की ‘पाऊस लांबला’ म्हणत असे. असा दुहेरी शब्द सूचनेत नको. आपल्याकडे नेमका शब्द रोजच्या वापरात आहे. ठाण्याहून सुटणारी जलद लोकल धीम्या लोकलपेक्षा लवकर पोहोचते, ती मुख्यतः मधली स्थानके गाळते म्हणून, आणि तरीही तिला ‘जलद’ म्हणण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘पान जलद उघडते’ हेच बरोबर.

कोपरीकर:
‘जलद’ फारसीतून आला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मेघ असा होतो. ‘शीघ्र’ असताना तो कशासाठी?

घणसोलीकर:
फलाटावरची घोषणा ज्याला समजते, त्याला ‘जलद’ समजतो. शब्दाचे कूळ पाहून त्याला बाहेर काढायचे ठरवले, तर ‘हरकत’ आणि ‘जाहिरात’ हेही या चर्चेतून काढावे लागतील.

कोपरीकर:
रुळलेल्या शब्दांना माझा विरोध नाही. नव्या विषयाची परिभाषा घडवताना तरी आपल्या धातूंकडे आधी पाहावे, एवढाच माझा आग्रह आहे.

नेरूळकर:
‘जलद’ घ्या किंवा ‘शीघ्र’, क्रियापद मात्र ‘उघडू शकते’ असेच हवे. विचारणा कोणत्या डीएनएसमार्फत आली, यावरून विचारणारा कुठे आहे याचा अंदाज बांधून काही सेवा जवळचा सर्व्हर निवडतात. तो अंदाज चुकला, तर पत्ता झटकन मिळूनही व्हिडिओ रेंगाळतो.