गोनोरिया आरएनए-सीक: पुरुष आणि स्त्री नमुन्यांतला फरक लिंगामुळे हे कसं ठरवायचं?

जंतुशोध_परळ
नमस्कार. नैसेरिया गोनोरियी या गोनोरियाच्या जंतूचं आरएनए-सीक (कोणती जनुकं किती चालू आहेत याची मोजणी) थेट नमुन्यांतून करायचं आहे, मधे कल्चर न करता, म्हणजे जंतू लॅबमध्ये न वाढवता. पुरुषांच्या मूत्रमार्गाचे आणि स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे स्वॅब. ओपीडी परळला, लॅब पवईला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एमटीआर-सीडीई या, प्रतिजैविकं पेशीबाहेर फेकणाऱ्या, पंपाची जनुकं पुरुषांत जास्त व्यक्त झालेली दिसली होती. आमच्याकडेही तसंच आलं, तर तो फरक लिंगाचाच हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

स्वॅब_ते_सीक्वेन्स
आधी नमुना सांभाळा. जिवाणूचा एमआरएनए (चालू जनुकाची प्रत) काही मिनिटांतच विघटतो, आणि थंड किंवा कोरडं पडलं की जंतू जनुकं बदलतो. स्वॅब नुसता बर्फात ठेवून पवईला पाठवलात, तर मोजाल तो प्रवास. आरएनए-प्रोटेक्ट बॅक्टेरिया हे आरएनए टिकवणारं रसायन ओपीडीतच हवं: स्वॅब थोड्या बफरमध्ये घुसळा, त्याच्या दुप्पट हे रसायन घाला, 5 सेकंद व्होर्टेक्स, 5 मिनिटं खोलीच्या तापमानाला. मग 5,000 जी वर 10 मिनिटं फिरवून पेलेट गोठवा आणि ड्राय आइसवर हलवा. दोन्ही गटांत स्वॅबचा प्रकार, क्रम, वेळ तीच.

पॉली-ए निवड (पॉली-ए शेपटी असलेलेच एमआरएनए वेचणं) करू नका, जिवाणूच्या एमआरएनएला ती शेपटी नसल्यातच जमा. मानवी आणि जिवाणू, दोन्ही आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए, जो नमुन्यात सर्वाधिक असतो) काढणारं किट घ्या. डीएनए तोडणाऱ्या डीएनेजनंतर, आरएनएचं डीएनए करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता, पोर-ए स्यूडोजीनचं (गोनोकोकसमधलं निकामी जनुक) पीसीआर लावा. बँड आला तर डीएनए उरलाय. रिन (आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा) आकड्यावर विसंबू नका, तो बहुतेक मानवी आरएनएचा असतो.

रीड्सचा (सीक्वेन्सरने वाचलेल्या तुकड्यांचा) हिशेब: 5 कोटींपैकी 1 टक्का गोनोकोकसचे धरले तर 5 लाख. जनुकं साधारण 2,000, म्हणजे जनुकामागे सरासरी 250, तेही आरआरएनए पूर्ण निघाला तर.

माहीम_मायक्रो
खरी अडचण पुढे आहे. पुरुष बहुधा पू येतो म्हणून येतात, स्त्रियांत संसर्ग अनेकदा लक्षणांशिवाय असतो. म्हणजे तुमच्या तुलनेत एकीकडे न्यूट्रोफिलांचा (पुवातल्या पांढऱ्या पेशी) हल्ला झेलणारे जंतू आणि दुसरीकडे शांत बसलेले. पंप न्यूट्रोफिलांची जंतुनाशक पेप्टाइड्सही बाहेर फेकतो, तेव्हा तो चढणारच. त्याला लिंग म्हणायचं की दाह? प्रत्येक नमुन्याच्या ग्रॅम स्मिअरवर ऑइल इमर्शन फील्डमागे न्यूट्रोफिल मोजा आणि तो आकडा मॉडेलमध्ये घाला. लक्षणं असलेल्या स्त्रियाही हव्यातच.

दुसरी गोष्ट स्ट्रेन. पंपाला आवर घालणाऱ्या एमटीआर-आर जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू करणारा भाग) एकच बेस गळाला तरी पंप चढा चालतो. असे स्ट्रेन योगायोगाने पुरुषांच्या गटात जास्त आले की निष्कर्ष कोलमडला. म्हणून जोडपी घ्या, आणि दोघांकडे तोच स्ट्रेन आहे हे जीनोम सीक्वेन्सिंगने तपासा, गृहीत धरू नका. डीइसेक2 या तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन "जोडपं + जागा".

स्त्रियांत पाळीचा दिवस नोंदवाच. रक्तामुळे लोहाचा पुरवठा बदलतो आणि टीबीपी-ए, एचपीयू-एबी ही लोह मिळवणारी जनुकं त्यानुसार हलतात. क्लॅमिडियाचा सहसंसर्ग आणि आधी घेतलेलं प्रतिजैविकही लिहून ठेवा.

जंतुशोध_परळ
धन्यवाद. जोडपी फार मिळणार नाहीत. मग?

माहीम_मायक्रो
तर प्रत्येक आयसोलेट (एका रुग्णाकडून वेगळा काढलेला जंतू) एकाच माध्यमात वाढवून त्याचंही आरएनए-सीक करा. बशीतही पुरुषांकडचे आयसोलेट पंप जास्त चालवत असतील तर कारण स्ट्रेनमध्ये आहे. बशीत सारखे आणि शरीरात वेगळे, तर परिस्थितीचा परिणाम. तरी दाह आणि लिंग वेगळे करायला न्यूट्रोफिलांचा आकडा लागेलच.

स्वॅब_ते_सीक्वेन्स
स्त्री नमुन्यांत आणखी एक फसवणूक होते. लॅक्टोबॅसिलस आणि इतर योनीजंतूंचे रीड्स जवळच्या जनुकांवर बसतात. मानवी जीनोम जीआरसीएच38, गोनोकोकस, मेनिंगोकोकस, निरुपद्रवी नैसेरिया आणि योनीजंतू अशी एकच इंडेक्स करून मॅप करा, अनेक ठिकाणी बसणारे रीड्स टाका.

आणि स्त्रियांत पंप कमी दिसला म्हणून तो बिनकामाचा असं लिहू नका. मादी उंदरांत हा पंप नसलेले जंतू नीट टिकत नाहीत. व्यक्तता कमी म्हणजे एमआयसी (जंतूची वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान मात्रा) कमी असंही नाही, ती प्रत्येक आयसोलेटवर वेगळी मोजा.