अपघात, क्लेम आणि नुकसानभरपाई: तुमचे अनुभव लिहा

सांजसकाळ
शेजारच्या वहिनींचा मुलगा परवा दवाखान्यातून घरी आला. मांडीत रॉड. प्लास्टर वाळायच्या आत एक 'वकीलसाहेबांचा माणूस' दारात. कोऱ्या वकीलपत्रावर सही द्या, जे मिळेल त्यात पस्तीस टक्के आमचे. वहिनी तडक माझ्याकडे आल्या, कारण आमच्या बाबांची केस अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे.

बाबा टेलर. 2012 ला मागून टेम्पोने उडवलं, उजव्या घोट्याचा चुरा. सिव्हिलने अपंगत्वाचा दाखला दिला 30 टक्क्यांचा. इन्शुरन्सच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, "आज कोर्टात जिना चढूनच आलात ना?" बाबा म्हणाले, "चढलो की. पण शिलाई मशीन जिन्यावर नाही चालवत मी." जजसाहेबसुद्धा हसले.

सगळी केस त्या एका वाक्यावर फिरली म्हणायची. दाखल्यावरचे टक्के शरीराचे, कोर्ट बघतं कमाई किती टक्के गेली ते. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल दाखवला, आणि पायाने मशीन मारणाऱ्याचं नुकसान 60 टक्के धरलं गेलं. रिटर्न भरलेले नव्हते. मग मापांची वही दिली. गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कंबर, ॲडव्हान्स किती, सगळं खडूच्या बोटांनी लिहिलेलं. त्यावरून महिना 8000 धरले. वय 48, म्हणजे सरला वर्मा निकालाच्या (2009) तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाचं नुकसान कितीने गुणायचं तो आकडा) 13. वर्षाचे 96,000, त्याचे 60 टक्के, गुणिले 13, झाले 7,48,800. दवाखान्याचा खर्च वेगळा. शिवाय अर्ज टाकल्या तारखेपासून व्याज. निकाल 2016 ला लागला.

तुमच्याकडे कोणाचं असं काही झालं असेल तर लिहा. वहिनींना वाचून दाखवते.

पिंपळपान
आधी बिलांच्या झेरॉक्स काढा!!! मेडिकलची ती गुळगुळीत कागदाची बिलं वर्षभरात कोरी होतात. आमची अर्धी फाईल पांढरीफटक होती. भावाने उजेडात धरून आकडे वाचायचा प्रयत्न केला, शेवटी दुकानदाराकडून डुप्लिकेट आणली, तीही त्याने उपकार केल्यासारखी दिली.

तांबडा रस्सा
बाबा अजून शिवतात का? कोथरूडला चांगला टेलर मिळेना झालाय

सांजसकाळ
@तांबडा रस्सा मोटर लावून घेतलीय मशीनला. फक्त ब्लाऊज आणि फॉल-पिको. दिवाळीच्या आधी विचारू नका.

काळा कोट
याच कामात आहे म्हणून लिहितो. टक्केवारीवर फी घ्यायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, त्या माणसाला दारातूनच नमस्कार करा. दुसरं म्हणजे मुदत. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज टाकायचा आहे. आधी ही अट नव्हती, त्यामुळे 'प्लास्टर निघू दे, मग बघू' असं जुने लोक अजून सांगतात. मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर झोपू नका. अपघात कुठेही होवो, तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघात दाव्यांच्या कोर्टात, अर्ज चालतो.

आडवी सरी
आमच्याकडं लोकांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना माहीतच नसती. सातबारावर नाव असलं किंवा त्याच्या घरातला एक माणूस असला तरी चालतं, वय 10 ते 75. मयताला 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. साप चावला तरी बसतं. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. चुलता गेल्यावर घरात दहाव्या-तेराव्याची गडबड, कागद कोण बघतंय. मी रडत रडत फेरफार काढायला गेलो होतो.

पिंपळपान
@आडवी सरी 🙏

खड्डेश्वर महाराज
माझा अनुभव: कोणी धडकलंच नाही. मी आणि खड्डा. कॉलरबोन. थर्ड पार्टी विम्याचा (दुसऱ्याचं नुकसान भरणारा) काही उपयोग नाही कारण थर्ड पार्टी म्हणजे खड्डा 😂 पॉलिसीत गाडीमालकाचं 15 लाखांचं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर होतं, पण ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला, हाड जुळलं की शून्य. ऑक्टोबर 2025 ला मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींना मृत्यूसाठी 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यायला सांगितलंय. मी तर त्याच्या आधीच पडून बसलो.

तांबडा रस्सा
मुहूर्त चुकला महाराज

मोगरा_22
स्कूटरवर मागे बसणाऱ्यांनी नवऱ्याची पॉलिसी उघडून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल आणि चूक आपल्याच गाडीची असेल तर मागच्या सीटला त्यातून काही मिळत नाही. हे मला हात गळ्यात असताना कळलं. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

शेवटचा डबा
आमचं रेल्वेचं, त्यामुळे वेगळं ट्रिब्युनल. आत्तेभाऊ गर्दीच्या लोकलमधून दारातून पडला, वसईच्या अलीकडे. मृत्यूला 8 लाख मिळतात, 2017 पासून हाच आकडा. पाकीट सापडलं नाही, म्हणजे पासही नाही, म्हणून 'विनातिकीट' असा मुद्दा आला. रीना देवी निकालात (2018) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून प्रवासी नव्हता असं होत नाही. आत्याने प्रतिज्ञापत्र दिलं, ऑफिसातून हजेरीचा कागद आणला. रूळ ओलांडताना गेला असता तर हा क्लेम बसला नसता.
पैसे आल्यावर ट्रिब्युनलने मोठा भाग एफडीत टाकला. बरंच झालं. एका मामांना तेव्हाच बुलेट घ्यायची होती, 'नंतर फेडतो' म्हणून.

मोगरा_22
ते मामा सगळ्यांच्या घरात असतात

जुनी विहीर
आईच्या वेळचं सांगते. सिमेंटच्या ट्रकखाली गेली. समोरच्या वकिलाने लिहून दिलं की मयत गृहिणी होती, तिचं उत्पन्न नव्हतं, सबब कुटुंबाचं आर्थिक नुकसान नाही. भावाला वाचून दाखवताना माझा आवाज फुटेना. पहाटे साडेचारला उठून सहा माणसांचे डबे, आजीचं अंथरुणातलं सगळं, दोन म्हशी, आणि शाळेची फी भरायला गोधड्या शिवायची ती. उत्पन्न नव्हतं म्हणे.
आमच्या वकीलबाईंनी लता वाधवा निकाल (2001) दाखवला, त्यात गृहिणीच्या कामाचे महिना 3000 धरलेत. कोर्टाने काळ बघून त्यापेक्षा जास्त धरले. रकमेचं काय केलं ते नाही लिहीत इथे. पण ते 'उत्पन्न नव्हतं' खोडलं गेलं, ते निकालपत्र मी लॅमिनेट करून ठेवलंय.

काळा कोट
@जुनी विहीर तो परिच्छेद अजूनही छापील असल्यासारखा प्रत्येक केसमध्ये येतो. सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या कीर्ती निकालानंतर तर घरकामाची किंमत धरावीच लागते.

उसळपाव
पूर्ण वाचलं नाही पण लोकअदालतीत तडजोड केली आम्ही. कमी मिळाले, लवकर मिळाले. सही करायच्या आधी आकडा घरी बसून ठरवा, कारण नंतर अपील नाही. तिथे रांगेत सगळेच घाईत असतात.

सांजसकाळ
वहिनी विचारतायत, पोराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तर क्लेम बाद होतो का? धडक कारची आहे, एफआयआर आणि पंचनाम्याची कॉपी आणलीय.

काळा कोट
बाद होत नाही. डोक्याला मार असता तर 'तुमचीही चूक' म्हणून रक्कम कापायचा प्रयत्न झाला असता. मांडीच्या फ्रॅक्चरला हेल्मेटचा काय संबंध. कारचा नंबर आणि विमा कंपनीचं नाव पोलिसांच्या अपघात अहवालात असतं, ते तपासून घ्या. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, पगाराच्या स्लिपा एका पिशवीत. बोर्डावर नंबर आलाय माझा, बाकी संध्याकाळी.