पाणी किती वाजता हवं, हे कोण विचारणार?
काही जण म्हणतात, सेन्सर आणि त्यांचे आकडे पडद्यावर दाखवणारे डॅशबोर्ड आले की शहरासारखंच खेड्यांचंही नियोजन नीट होईल. मला हे पटत नाही. २०१५ च्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये १०० शहरं निवडली, त्यात आमचं नागपूरही आहे. पण आकडा तेवढंच सांगतो जेवढं त्याला विचारलं जातं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. खेड्यांत घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. मावशीच्या अंगणात नळ आहे, म्हणजे नोंदीत ते घर पूर्ण झालं. पाणी येतं सकाळी अकराला. वेचणीच्या दिवसांत तेव्हा ती वावरात, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत असते. घरी म्हातारी सासू, तिला भरलेला गुंड उचलवत नाही. संध्याकाळी मावशी पुन्हा हातपंपावर. मीटर लावला तर पाणी पोहोचलं असंच दिसेल!

त्यात लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेची धरतात. मधल्या काळात किती घरांना कुलपं लागली, ते पारावर बसणारा कुणीही सांगेल. सेन्सर जरूर लावा, पण नळाची वेळ ठरवण्याआधी वेचणीला जाणाऱ्या बायांना विचारा.